म्हातारा पहेलवान काय म्हणाला

मला कुस्ती आवडत नाही. टीव्हीवरची तर मुळीच नाही. तेल चोपडलेले धिप्पाड पुरुष एकमेकांच्या पाठीत खुर्च्या घालतात, कोण पडणार ते आधीच ठरलेलं असतं, आणि तरी बघणाऱ्यांच्या अंगात येतं. यात पाहण्यासारखं काय आहे ते मला आजवर उमगलेलं नाही. तरीही माझे कितीतरी रविवार टीव्हीशेजारच्या स्टुलावर गेले, कारण आमच्या घरात इंग्रजी फक्त मला येत होतं.

आमचं घर मध्य प्रदेशात, बालाघाटजवळच्या भरवेलीत, मॅंगनीजच्या खाणीच्या वसाहतीला लागून. बाबा खाणीत होते. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागतं म्हणून त्यांनी वसाहतीच्या कडेलाच जागा घेऊन घर बांधलं. समोर बैठकीची खोली, मग स्वयंपाकघर, आणि मागे एक लहानशी खोली. आम्ही घरात मराठी बोलायचो आणि उंबऱ्याबाहेर पाय पडला की हिंदी. थोरला भाऊ शिकला हिंदी शाळेत आणि लवकरच मोटरसायकल दुरुस्तीत रमला. मी बालाघाटच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बी. ए. केलं. त्या बी. ए. चा घरच्यांना झालेला एकमेव उपयोग म्हणजे ही कुस्ती.

कुस्तीपेक्षा आमच्याकडे कौतुक होतं ते प्रोमोचं. प्रोमो म्हणजे कुस्तीच्या आधी पहेलवान हातात माइक घेऊन समोरच्याला जे सुनावतो ते. तू कोण, मी कोण, तुझं मी काय करणार. भावाचं म्हणणं असं की हाणामारी कोणीही करील, बोलता आलं पाहिजे. पण बोलणं सगळं इंग्रजीत. हिंदी समालोचन लावावं, तर पहेलवान तोंड उघडतो न उघडतो तोच तो समालोचक त्याच्यावर आपलंच पुराण सुरू करतो. एकदा बाबा वैतागले. म्हणाले, "त्याले बंद कर. बाई, तू सांग." तेव्हापासून मी सांगू लागले. पहेलवान वाक्य बोले, थांबे, आणि मी ते आमच्या बोलीत म्हणे. बाकी सगळे टीव्हीकडे बघत. बाबा मात्र मान वळवून माझ्याकडे बघत.

हळूहळू भावाचे मित्र यायला लागले. दर रविवारी दुपारी जेवणं आटोपली की दारात मोटरसायकली लागायच्या आणि बैठकीत पाय ठेवायला जागा उरायची नाही. त्यातूनच वर्षाचा सगळ्यात भारी प्रोमो निवडायची रीत पडली. डिसेंबरातला शेवटचा रविवार त्यासाठी राखून ठेवलेला. वर्षभरात गाजलेले चार-पाच प्रोमो भाऊ मोबाइलवरून टीव्हीवर लावायचा, मी पुन्हा त्यांचा अर्थ सांगायची, आणि मग मत पडायचं. मतासाठी मॅंगनीजचे गोटे. आमच्याकडे ते रस्त्यावर पडलेले असतात, काळे आणि दिसतात त्याहून जड. फरशीवर खडूने पहेलवानांची नावं लिहायची आणि ज्याने त्याने आपला गोटा आपल्या पसंतीच्या नावावर ठेवायचा. जिंकलेल्या पहेलवानाचं नाव ज्याने सुचवलं असेल त्याच्या घरी वर्षभर पट्टा लागायचा, टीव्हीवर विजेत्याच्या कमरेला असतो तसा. हा पट्टा खाणीतल्या माल वाहणाऱ्या जुन्या रबरी पट्ट्याचा तुकडा कापून केलेला, मध्ये पत्र्याची गोल चकती. दिसायला भयंकर, पण त्यासाठी जाणती माणसं एकमेकांशी आठवडाभर बोलत नसत.

गोटा मला कधी मिळाला नाही. पहिल्याच वर्षी मी हात पुढे केला तेव्हा भाऊ हसला. "तू तं रेफ्री हायेस नं बाई. रेफ्री थोडी वोट देते!" सगळे हसले, मीही हसले. बाबांनी मात्र आपला गोटा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "माहा तू ठेव." मग बाबा असेपर्यंत दरवर्षी त्यांचा गोटा मीच ठेवायची. ते गेले आणि त्यांच्याबरोबर तो गोटाही गेला.

आता एक गोष्ट सांगायची तर हे पहेलवान बोलायला अगदी सामान्य. तेच ते. हाडं मोडीन, रक्त काढीन, या तारखेला या मैदानात ये. पहिली काही वर्षं मी जसंच्या तसं सांगितलं. मग कंटाळा आला आणि मी पदरचं घालू लागले. तो म्हणे, मी तुला संपवीन. मी सांगे, "तुले असा उताणा पाडीन का तुही मायही विचारंन, हे कोणाचं पोट्टं हाय?" तो म्हणे, मी सर्वश्रेष्ठ आहे. मी सांगे, "माह्या गल्लीतले कुत्रेही मले पाहून वाट सोडतेत, तू कोन लागून गेला?" बैठक दणाणायची. दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर पोरं माझीच वाक्यं एकमेकांच्या तोंडावर फेकायची आणि वर म्हणायची, काय बोलते तो अमेरिकेचा गडी! मी भाजी घेऊन शेजारून जायची. कोणाच्या डोक्यात यायचं नाही की अमेरिकेच्या माणसाला भरवेलीच्या गल्लीतली कुत्री कुठून माहीत.

म्हणजे इतकी वर्षं त्यांनी निवडलेले सगळे प्रोमो माझे होते. पहेलवान नुसते ओठ हलवायचे. याची मला तेव्हा मजा वाटायची. नंतर राग यायला लागला.

लग्न होऊन मी गोंदियाला गेले. नवऱ्याचं कपड्याचं दुकान, घर भरलेलं, वरून बघणाऱ्याला नाव ठेवायला जागा नाही. नवरा माझ्याशी बोलत नसे. भांडून नव्हे. त्याची ती पद्धतच होती. काही मनाविरुद्ध झालं की तोंड बंद, ते महिना महिना. काय हवं-नको ते सासूमार्फत. मी समोर जाऊन बोलू लागले की तो टीव्हीचा आवाज वाढवायचा. आधी वाटलं, सुधारेल. मग मीही गप्प राहायला शिकले, आणि एक दिवस लक्षात आलं की सकाळपासून मी एक शब्दही उच्चारलेला नाही आणि ते घरात कोणाला जाणवलेलंही नाही. त्या दिवशी मला माझीच भीती वाटली. मी बॅग भरली, बस धरली, राजेगावला राज्याची हद्द ओलांडली आणि माहेरी आले.

दारात वहिनीने पाणी दिलं. आईने पाठीवरून हात फिरवला आणि पहिला प्रश्न विचारला, "मारलं काय त्यानं?" मी म्हणाले, नाही. "मंग दारू?" नाही. "बाईचं लफडं?" नाही. आईच्या चेहऱ्यावर सुटका दिसली आणि माझं काम तिथेच बिघडलं. पुढे येईल तो हेच तीन प्रश्न विचारायचा आणि तिन्ही उत्तरं ऐकून म्हणायचा, मग काय झालं घर सोडून यायला? भाऊ कामावरून आला, मला पाहून मनापासून खूश झाला. म्हणाला, "बरं झालं आली. तू गेल्यापासून कुस्तीत मजाच नाही राह्यली."

मागची खोली मला मिळाली. मी बालाघाटला एका खासगी शाळेत नोकरी धरली, घरात पैसे देऊ लागले, वहिनीच्या पोरांचा अभ्यास घेऊ लागले. रविवारी स्टुलावर बसू लागले. वाटलं, जमलं. पण दिवाळी झाली आणि भावाने सासरच्यांशी परस्पर बोलणं केलं. नवीन वर्ष लागलं की ते लोक मला न्यायला येणार होते. मी म्हणाले, "भाऊ, मी नाही जात." भाऊ मोबाइलमध्ये बघत म्हणाला, "तुले समजत नाही." मी जेवताना म्हणाले, वहिनीजवळ म्हणाले, आईसमोर रडून म्हणाले. तो हो म्हणायचा नाही, नाहीही म्हणायचा नाही, सरळ दुसऱ्या विषयावर जायचा. मला त्या घरात राहायचं होतं. माझं मागणं एवढंच होतं, मागची खोली, आणि ती माझ्या बापाने बांधलेली होती.

अशात डिसेंबरातला शेवटचा रविवार आला.

माणसं जमली. फरशीवर नावं लिहून झाली. तीन प्रोमो मी नेहमीसारखे सांगितले, थोडं मीठ-मसाला लावून. शेवटचा प्रोमो एका म्हाताऱ्या पहेलवानाचा होता. हा आपली कुस्तीची कंपनी सोडून गेला होता आणि बऱ्याच वर्षांनी परत आला होता. रिंगणात कंपनीचा मालक सूट घालून उभा, समोर हा माइक घेऊन. खरं तर तो पुढच्या महिन्यातल्या कुस्तीची जाहिरात करत होता. तिकिटं घ्या, लेकरांना घेऊन या, मी त्या दिवशी पट्टा जिंकणार, असलंच काहीतरी. पहिलं वाक्य मी सरळ सांगितलं, "मी परत आलो हाय." आणि मग माझं तोंड माझ्या ताब्यात राहिलं नाही. किंवा खरं सांगायचं तर पहिल्यांदाच माझ्या ताब्यात आलं.

"मी परत आलो हाय, अन् मी हारून नाही आलो. हारलेला मानूस तिथंच बसते. गपचूप बसते अन् म्हंते, सगळं ठीक हाय. मी उठून आलो. तू मले विचारून राह्यला, कोनी मारलं काय, रक्त निघालं काय? काहून? रक्त दाखवलं तंच तू खरं मानशीन काय? तुले माहा आवाज पाह्यजे होता तवा म्हने, ये, बस, बोल. अन् आता मी माह्यासाठी बोलून राह्यलो, तं तुले आयकू येत नाही. ह्या जागेची माती मीही वाह्यली हाय. मले तुही गादी नको. तुहा पट्टा नको. मले उभं राहाले जागा पाह्यजे. तेवढी देत असशीन तं दे, नाही तं माह्या तोंडावर सांग का तू माहा कोनी नाही."

पडद्यावर तो म्हातारा प्रेक्षकांना हात हलवून दात काढत होता. भावाच्या एका मित्राने हळूच विचारलं, "ताई, हा हसून काहून राह्यला?" मी म्हणाले, "दुःख जास्त झालं का हसते मानूस." त्याने मान डोलावली. त्याला पटलं.

सगळ्यात आधी भाऊ उठला. त्याचे डोळे भरले होते, खोटं कशाला बोलू. त्याने आपला गोटा त्या म्हाताऱ्याच्या नावावर ठेवला आणि म्हणाला, "ह्याले म्हंतात प्रोमो! तो मालक येडा हाय. असा मानूस घरात ठेवला पाह्यजे." मग एकामागून एक सगळे गोटे तिथेच आले. बाकीची नावं मोकळी राहिली. असं याआधी कधी झालं नव्हतं. म्हाताऱ्याचं नाव भावानेच सुचवलं होतं, म्हणून पट्टा आमच्याच घरात राहिला.

वाटलं, आता. आता त्याचं काळीज ओलं आहे, आता बोललं पाहिजे. मी स्टुलावरून उठले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "भाऊ, मी नाही जात तिकडं. मले मागची खोली राहू दे."

भावाने डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिलं. क्षणभर मला वाटलं, कळलं याला. मग तो म्हणाला, "लोकं बसले हायेत नं बाई. घरच्या गोष्टी नंतर. तू चाय ठेव सगळ्याईले."

मी आत गेले. आई ओट्याशी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. पातेल्यात पाणी ओतत ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तो पयलवान नोता बोलून राह्यला." मी कप काढू लागले. "मले समजलं बाई," ती म्हणाली, "पन माह्यं कोन आयकते?" मी तिच्यावर चिडले. आज विचार करते तेव्हा वाटतं, त्या घरात मला न सांगता समजून घेणारी ती एकटीच होती, आणि मी नेमकी तिच्यावर चिडले. पण तिनेही बैठकीत येऊन चार शब्द बोलायला हवे होते, हे मी अजूनही म्हणते.

नव्या वर्षात सासरची माणसं आली. नवराही आला होता, अर्थातच काही न बोलता. भावाने त्यांच्यासाठी खास नाश्ता मागवला आणि मला सांगितलं, "बॅग भर." मी भरली. पण त्यांच्या गाडीत बसले नाही. पायी चालत वसाहतीच्या फाट्यापर्यंत गेले आणि ऑटो धरून बालाघाटला आले. शाळेतल्या एका बाईंनी काही दिवस ठेवून घेतलं, मग बसस्टँडमागे भाड्याची खोली मिळाली. ओटा, मोरी, एक खिडकी. भावाने पुढे बरेच महिने फोन केला नाही. म्हणे, मी त्याचं नाक कापलं. आई फोन करायची तेव्हा हळू बोलायची. तिच्याकडून कळलं की मागच्या खोलीत आता मोठा टीव्ही लावला आहे. बैठकीत माणसं मावत नव्हती ना. पट्टाही तिथेच टांगला आहे, जिथे माझे कपडे लटकायचे त्या खुंटीला.

यंदा डिसेंबरातल्या शेवटच्या रविवारी दुपारी मी पेपर तपासत बसले होते आणि भावाचा फोन आला. इतक्या दिवसांनी. मागून माणसांचा गलका येत होता, त्यावरून कळलं की सगळे जमलेत. त्याने कशी आहेस वगैरे विचारलं, मीही वगैरे सांगितलं. मग तो म्हणाला, "यंदा जमूनच नाही राह्यलं बावा. मोबाइलवर हिंदीत लिहून येते, ते वाचून राह्यलो. पन पयलवान लोकंच ढिले झाले. कोनाच्या बोलन्यात दमच नाही. एकही प्रोमो निवडाच्या लायक नाही."

मी हातातल्या पेपरावर मार्क मांडले.

"मागच्या सालचा तो म्हातारा काय बोलला होता नं! नवीन पोट्टे आले हायेत, त्याईले आयकाचं हाय. तोच एक डाव तुह्या आवाजात सांग नं. फोन मोठ्या आवाजावर ठेवला हाय."

मी पेन खाली ठेवलं. मनात आलं, सांगावं सगळं, नाव घेऊन सांगावं. पण सांगून तर झालं होतं, त्याच्या तोंडावर, सगळ्यांदेखत. मग मी ठरवलं की एकदा तरी खरा अनुवाद करायचा. मी म्हणाले, "तो म्हणला होता, मी परत आलो हाय. पुढच्या मयन्यात माही कुस्ती हाय. तिकिटं घ्या, लेकरं घेऊन या. पट्टा मीच जिंकीन."

पलीकडे कोणीतरी हसलं. भाऊ म्हणाला, "नाही नाही. हे नाही म्हणला तो."

"हौ, हेच म्हणला होता."

"तुले आठवत नसंन बाई," भाऊ समजुतीने म्हणाला. लहानपणी मला पाढे शिकवताना तो असंच बोलायचा. "तू तं नुसता अर्थ सांगत होती. पानठेल्यावर वर्षभर म्हनून म्हनून आमच्या सगळ्याईले पाठ हाय. आयक."

आणि त्याने मला म्हणून दाखवलं. मागच्या खोलीत उभा राहून, घसा खाकरून, पहिल्यापासून. मी परत आलो हाय, अन् मी हारून नाही आलो. एक शब्द इकडचा तिकडे नाही. जिथे मी थांबले होते तिथे तो थांबला. रक्त दाखवलं तंच तू खरं मानशीन काय, हे म्हणताना त्याचा आवाज फाटला. मले उभं राहाले जागा पाह्यजे, या ठिकाणी पलीकडचा गलका पूर्ण थांबला. शेवटचं वाक्य त्याने माझ्यापेक्षाही चांगलं म्हटलं.

"आता आठवलं?" त्याने विचारलं.

मी म्हणाले, "हौ भाऊ. असंच म्हणला होता तो."